मालवाहू जहाजांचं प्रदूषण कमी करणारं संशोधन: सरकारी ग्रँटसाठी अर्ज कसा करतात?



गाडीत टाकलेलं पेट्रोल ज्या कच्च्या तेलापासून बनलं ते तेल, घरातला टीव्ही, किचनमधलं पामतेल... यातलं बरंच काही कधी ना कधी जहाजातून आलेलं असतं. आकारमानाच्या हिशोबाने जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून जास्त माल समुद्रातूनच जातो. आणि ही जहाजं इंधन पितात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, हिच्या अहवालानुसार २०१८ मध्ये जगातल्या जहाजांमधून सुमारे १०७ कोटी टन हरितगृह वायू बाहेर पडले. माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास ३ टक्के!

आयएमओने जुलै २०२३ मध्ये ठरवलं की २०५०च्या आसपास हे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं. आता गंमत बघा, एक मालवाहू जहाज सहज २५-३० वर्षं चालतं. म्हणजे आज बांधलेलं जहाज २०५० मध्येही समुद्रात असू शकतं. वेळ कमी आहे, संशोधन खर्चिक आहे, म्हणून अनेक देशांची सरकारं त्यासाठी ग्रँट देतात.

मी पुण्यात बसून जहाजांच्या मार्गाचं सॉफ्टवेअर लिहितो. समुद्र मला दिसतो तो दिवेआगरला ट्रिपला गेल्यावरच! पण आमच्या टीमने ब्रिटनमधल्या एका छोट्या कंपनीबरोबर अशाच एका ग्रँटसाठी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा सपशेल आपटलो. का आपटलो, ते आज सांगतो. त्यातून ही अख्खी पद्धत समजते.

## ग्रँट म्हणजे नेमकं काय?

कर्ज घेतलं तर परत करावं लागतं. गुंतवणूकदाराने पैसे दिले तर कंपनीतला वाटा द्यावा लागतो. ग्रँटमध्ये यातलं काहीच नाही. ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे केलं तर पैसे परत मागितले जात नाहीत.

मग सरकार फुकट पैसे का देतं? समजा, जहाजात नवीन इंधन वापरून बघायचंय. मिथेनॉल घ्या. जहाजाच्या डिझेलएवढीच ऊर्जा मिळवायला मिथेनॉलची टाकी साधारण सव्वादोन ते अडीचपट मोठी लागते. अमोनियाला त्याहून मोठी, शिवाय तो विषारी. द्रव हायड्रोजन तर उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. यातलं काय चालेल, काय फसेल हे कुणालाच आधी माहीत नसतं. जहाजमालक म्हणतो, दुसऱ्याने करून दाखवू दे, मग मी घेतो. बंदर म्हणतं, जहाजं आली की मी इंधनाची सोय करतो. सगळेच एकमेकांकडे बघत बसतात.

ही कोंडी फोडण्यासाठी सरकार धोक्यातला थोडा वाटा उचलतं. अर्ज लिहिताना हेच डोक्यात ठेवायचं. तुमची आयडिया किती भारी आहे एवढ्यावर पैसे मिळत नाहीत. कुठली अडचण अजून सुटलेली नाही, ती सोडवायला खाजगी पैसा का येत नाही आणि तुमच्या प्रयोगानंतर काय नक्की कळणार, हे दाखवावं लागतं.

## ब्रिटनचं उदाहरण का?

कारण तिथली पद्धत बरीच उघड आहे. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने मार्च २०२१ मध्ये ‘क्लीन मेरिटाइम डेमॉन्स्ट्रेशन कॉम्पिटिशन’ सुरू केली. पहिल्या फेरीत २ कोटी पौंड होते आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ५५ प्रकल्प निवडले गेले. मार्च २०२२ मध्ये ‘युके शोर’ नावाचा २०.६ कोटी पौंडांचा कार्यक्रम आला आणि पुढच्या फेऱ्या त्याखाली निघाल्या. स्पर्धा चालवण्याचं काम ‘इनोव्हेट युके’ ही सरकारी संस्था करते. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो.

प्रत्येक फेरीचे नियम थोडे बदलतात. पण सांगाडा साधारण असा असतो:

• प्रकल्पाची माहिती: नाव, कालावधी, भागीदार कोण, थोडक्यात सारांश.
• प्रश्नोत्तरं: गरज काय, उपाय काय, टीममध्ये कोण, बाजारपेठ कुठली, धोके कुठले, खर्च का योग्य आहे. बऱ्याच प्रश्नांना ४०० शब्दांची मर्यादा असते आणि गुण १० पैकी.
• पैशांचा हिशोब: पगार, साहित्य, प्रवास, सबकॉन्ट्रॅक्टर, प्रत्येक भागीदाराचा वेगळा.

अर्ज अनेक स्वतंत्र परीक्षक वाचतात. त्यांना तुमची कंपनी माहीत नसते. उत्तरात वेबसाइटची लिंक टाकून ‘बाकी इथे वाचा’ असं चालत नाही. ४०० शब्दांत जे आहे तेच तुमचं.

आणि हो, डेडलाइन बहुतेक वेळा तिकडच्या सकाळी ११ची असते. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेचार. ११ वाजून १ मिनिटाला पोर्टल बंद!

## आधी बघा, तुमचं संशोधन कुठल्या पायरीवर आहे

ग्रँटच्या जगात एक शब्द सारखा येतो, टीआरएल. म्हणजे तंत्रज्ञान किती तयार आहे त्याची १ ते ९ अशी पट्टी. ही मुळात नासाने बनवली. १ म्हणजे फक्त मूळ तत्त्व माहीत आहे. ४च्या आसपास प्रयोगशाळेत चालतंय. ७ म्हणजे नमुना खऱ्या परिस्थितीत, आपल्या बाबतीत खऱ्या समुद्रात, चालवून दाखवलाय. ९ म्हणजे रोजच्या वापरात.

प्रत्येक ग्रँट ठरावीक पायऱ्यांसाठी असते. ‘हे शक्य आहे का’ एवढंच तपासणारा अभ्यास आणि जहाजावर यंत्र बसवून केलेलं प्रात्यक्षिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायरी चुकली तर उत्तम अर्जसुद्धा बाहेर पडतो.

वरच्या पायरीचं एक खरं उदाहरण बघा. ‘पिक्सिस ओशन’ या मालवाहू जहाजावर २०२३ मध्ये ३७.५ मीटर उंचीची दोन कडक शिडं बसवली. कापडाची नाहीत, विमानाच्या पंखासारखी. डिझाइन ब्रिटनच्या ‘बार टेक्नॉलॉजीज’चं, जहाज मित्सुबिशीच्या मालकीचं, भाड्याने घेणारी कंपनी कारगिल. या कामाला युरोपीय संघाच्या ‘होरायझन २०२०’ कार्यक्रमातून काही पैसा मिळाला होता. सहा महिन्यांच्या चाचणीनंतर कारगिलने सांगितलं की दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचलं. इथे यंत्र बनवणारा, जहाजमालक आणि जहाज वापरणारा असे तिघेही एकत्र होते. परीक्षकांना नेमकं हेच बघायचं असतं. जहाजच नसेल तर चाचणी कशावर करणार?

## आम्ही कुठे आपटलो: ९ टक्क्यांची गोष्ट

आता आमची गोष्ट. आमचं सॉफ्टवेअर हवामान आणि प्रवाह बघून जहाजाला मार्ग आणि वेग सुचवतं. ब्रिटनमधल्या कंपनीने एका जहाजावर ते काही महिने वापरून बघितलं होतं. आधीचं इंधन, नंतरचं इंधन, फरक ९ टक्के. आम्ही खूश! अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘९ टक्के इंधनबचत सिद्ध’.

निकाल आला. नापास. खाली परीक्षकांचे शेरे होते. एकाचा मुद्दा असा होता: बचत कशाच्या तुलनेत? त्या काळात जहाजाचा वेग तेवढाच होता का?

मी डेटा परत उघडला. आधी सरासरी वेग होता १२.५ नॉट, नंतर १२.२. फरक किती छोटा वाटतो ना? पण जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. प्रवासाला लागणारा वेळ धरला, तर तेवढ्याच अंतरासाठी लागणारं इंधन साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. १२.२ भागिले १२.५, त्याचा वर्ग करा. येतात ०.९५३. म्हणजे जवळपास पावणेपाच टक्के बचत फक्त जहाज हळू चालल्यामुळे झाली होती. त्यासाठी आमच्या सॉफ्टवेअरची गरजच नव्हती, कॅप्टनला फोन केला असता तरी झालं असतं! उरले साडेचार टक्के. त्यातही हवामान किती चांगलं होतं आणि जहाजात माल किती होता, हे वेगळं काढायचं राहिलंच होतं.

अजून एक घोळ होता. आमचे आकडे ‘नून रिपोर्ट’मधून आले होते. म्हणजे जहाजावरचा अधिकारी रोज दुपारी १२ वाजता हाताने भरतो तो अहवाल. दिवसाला एक नोंद. त्यावरून दोन-चार टक्क्यांचा फरक खात्रीने सांगणं कठीण.

मला तेव्हा खरंच लाज वाटली. खोटं बोललो नव्हतो, पण जो आकडा आवडला तो तपासला नाही. आणि तो आकडा जनतेच्या पैशांच्या अर्जात लिहिला.

दुसऱ्या अर्जात आम्ही तीन गोष्टी बदलल्या:

१. दावा खाली आणला. ‘३ ते ५ टक्के अपेक्षित, प्रकल्पात तपासणार’ असं सरळ लिहिलं.
२. बेसलाइन आधी ठरवली. तोच वेग, तेवढाच माल, तसंच हवामान अशा फेऱ्यांशीच तुलना करायची. इंधनाच्या पाइपवर फ्लो मीटर बसवून काही मिनिटांच्या अंतराने नोंदी घ्यायच्या.
३. फसलो तर काय, तेही लिहिलं. बचत १ टक्क्यापेक्षा कमी निघाली तर काम कुठल्या टप्प्यावर थांबवायचं ते ठरवून दिलं.

बचतीचं उत्सर्जनात रूपांतर कसं करतात? समजा एखादं जहाज दिवसाला २० टन जड इंधन जाळतं आणि वर्षात २०० दिवस समुद्रात असतं. झाले ४००० टन. ४ टक्के वाचले म्हणजे १६० टन. आयएमओच्या प्रमाणानुसार १ टन जड इंधन जाळलं की सुमारे ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला जवळपास ४९८ टन कमी. असा हिशोब पायरी-पायरीने दाखवला की परीक्षकाला तो तपासता येतो.

नवीन इंधनाचा प्रकल्प असेल तर फक्त जहाजाच्या चिमणीतला धूर मोजून चालत नाही. ते इंधन बनलं कशापासून, तेही मोजावं लागतं. कोळशापासून बनवलेलं मिथेनॉल जहाजात जाळलं तर धूर फक्त समुद्रातून कारखान्याकडे सरकतो.

## पैसे कधी येतात? इथे बरेच जण फसतात

दोन गैरसमज आधी काढून टाका.

पहिला, सगळा खर्च मिळतो. नाही मिळत! इनोव्हेट युकेच्या बऱ्याच स्पर्धांमध्ये व्यवहार्यता अभ्यास किंवा औद्योगिक संशोधनासाठी लहान कंपनीला खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत, मध्यम कंपनीला ६० आणि मोठीला ५० टक्क्यांपर्यंत मिळतात. तयार व्हायला आलेल्या तंत्रज्ञानाच्या पुढच्या विकासासाठी हे प्रमाण आणखी कमी असतं. बाकीचे पैसे आपले आपण उभे करायचे.

दुसरा, पैसे आधी येतात. तेही नाही. तिथे साधारणपणे दर तीन महिन्यांनी, आधी झालेल्या खर्चाचा दावा करायचा असतो. एक मॉनिटरिंग ऑफिसर काम तपासतो, मग पैसे येतात.

आकड्यात बघू. वर्षभराचा प्रकल्प, खर्च ३ लाख पौंड, कंपनी लहान. ग्रँट जास्तीत जास्त २ लाख १० हजार, स्वतःचे ९० हजार. खर्च सारखा विभागला तर पहिल्या तीन महिन्यांचे ७५ हजार पौंड आधी खिशातून जाणार. खात्यात तेवढे नसतील तर ग्रँट मंजूर होऊनही पगार थकतील.

आणि ग्रँटचं पत्र हातात येऊन सगळं मान्य होईपर्यंत काम सुरू करायचं नाही. ‘निकाल लागलाय, चला जहाजावर सेन्सर बसवून घेऊ’ असं केलं तर तो खर्च धरला जात नाही.

## पुण्यातल्या टीमचं काय झालं?

हा भाग आयटीतल्या मित्रांनी नीट वाचा. या स्पर्धांमध्ये अर्जाचं नेतृत्व ब्रिटनमध्ये नोंदणी झालेल्या कंपनीनेच करायचं असतं आणि काम मुख्यतः तिथेच व्हायला हवं. पुण्यातली टीम फार तर परदेशी सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून येऊ शकते. त्यासाठी ब्रिटनमधल्या कुठल्या पुरवठादारांना विचारलं आणि ते का जमलं नाही, याचा पुरावा द्यावा लागतो. ‘भारतात स्वस्त पडतं’ हे कारण चालत नाही. नियमातच तसं लिहिलेलं असतं.

आमच्या पहिल्या अर्जात काय लिहिलं होतं सांगू? ‘कमी खर्चामुळे.’ तो परिच्छेद मीच लिहिला होता!

दुसऱ्या वेळी डेटा गोळा करणं आणि विश्लेषण हे काम तिथल्या भागीदार विद्यापीठाकडे गेलं. अर्ज मंजूर झाला. आमचा भाग ग्रँटच्या बाहेर, कंपनीच्या स्वतःच्या पैशातून, पण पूर्वीपेक्षा निम्मा राहिला. आमच्या टीममधल्या दोघांना दुसऱ्या प्रोजेक्टवर जावं लागलं. वाईट वाटलं, पण तिथल्या करदात्याचा पैसा तिथे कौशल्य वाढवायला वापरायचा हा त्यांचा हेतू उघड आहे. आपल्या देशाच्या ग्रँटमध्येही आपण तेच अपेक्षित धरू.

## मग भारतात काय आहे?

भारतातही हालचाल सुरू झाली आहे. तीन गोष्टी लक्षात ठेवा:

• राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन: जानेवारी २०२३ मध्ये मंजूर, एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपये. यात जहाजांच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी २०२५-२६ पर्यंत ११५ कोटी रुपये ठेवले होते. जुन्या जहाजात बदल करणं आणि बंदरात हरित इंधन भरण्याची सोय करणं, असे दोन भाग.
• ग्रीन टग ट्रान्झिशन प्रोग्रॅम: ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू. मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणाऱ्या टगबोटी डिझेलवरून स्वच्छ ऊर्जेवर न्यायच्या. पहिल्या टप्प्यातल्या चार बंदरांत आपल्या उरणजवळचं जेएनपीएसुद्धा आहे. ही संशोधनाची ग्रँट नाही, पण नवीन तंत्रज्ञानाला पहिलं गिऱ्हाईक यातून मिळू शकतं.
• स्टार्टअप इंडिया सीड फंड: २०२१ मध्ये सुरू झालेली ही योजना फक्त जहाजांसाठी नाही. पण पात्र स्टार्टअपला कल्पना सिद्ध करायला इन्क्युबेटरमार्फत २० लाख रुपयांपर्यंत ग्रँट देण्याची सोय यात ठेवली होती. सॉफ्टवेअर किंवा सेन्सरवाल्यांनी नक्की बघावी.

योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, त्यामुळे अर्जाआधी अधिकृत पोर्टलवरची ताजी मार्गदर्शिका वाचा.

## अर्ज पाठवण्याआधी स्वतःला विचारा

१. मी कुठली न सुटलेली अडचण सोडवतोय, ती दोन वाक्यांत सांगता येते का?
२. माझा बचतीचा आकडा कशाच्या तुलनेत आहे? वेग, माल आणि हवामान वेगळं काढलंय का?
३. चाचणीसाठी खरं जहाज किंवा बंदर लेखी तयार आहे का?
४. ग्रँट मिळाली नाही तर काय होईल? ‘तरीही करूच’ असं उत्तर असेल तर सरकार पैसे का देईल? ‘काहीच होणार नाही’ असं असेल तर तुमचा स्वतःचा विश्वास किती? खरं उत्तर बहुतेक मधलं असतं: उशीर होईल, प्रयोग छोटा होईल. तेच लिहा.
५. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे खात्यात आहेत का?
६. जहाजातलं काही न कळणाऱ्या मित्राने अर्ज वाचलाय का?

सहावा मुद्दा आम्ही दुसऱ्या वेळी पाळला. माझ्या रूममेटने अर्ज वाचला. तो बँकेत आहे. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “हे ३ ते ५ टक्के तुम्ही मोजणार कसे?” यावेळी माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते अर्जात तिसऱ्या ओळीतच लिहिलेलं होतं.

तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, स्टार्टअपमध्ये असा एखादा आवडता आकडा असेल, तर आजच त्याची बेसलाइन तपासा. परीक्षकाने पकडण्याआधी आपणच पकडलेलं बरं!